ट्रेलर व त्यावरील भार

ट्रॅक्टर हे ओझे ओढणारे यंत्र. परंतु त्यालाच ओझे होऊन प्रवास करावा लागतो, तेव्हा सारा हिशेब उलटा होतो. ग्रेट ब्रिटनमध्ये लहान प्रमाणावर शेती करणारी माणसे आपला छोटा ट्रॅक्टर मोटारीमागे जोडलेल्या ट्रेलरवर चढवून दुसऱ्या शेतावर अथवा दुरुस्तीस नेतात. असा ट्रेलर निवडताना काय पाहावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

ट्रेलरवरील धातूच्या पट्टीवर कमाल वजनाचा आकडा असतो. तेवढा माल त्यावर लादता येतो, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. तो आकडा ट्रेलर व माल मिळून होणाऱ्या एकंदर वजनाचा असतो. समजा, पट्टीवर २,७०० किलो लिहिले आहे आणि रिकामा ट्रेलर ७०० किलोंचा आहे. तर मालाच्या वाट्याला २,००० किलोच उरतात. माहितीपत्रकात ट्रॅक्टरचे वजन १,५०० किलो वाचून मालक निर्धास्त होतो. परंतु पुढचा लोडर ४०० किलो, मागचे अवजार ३०० किलो आणि पकड वाढावी म्हणून टायरांत भरलेले पाणी २०० किलो धरले, की तोच ट्रॅक्टर २,४०० किलोंचा ठरतो. म्हणून ज्या स्थितीत तो न्यावयाचा, त्याच स्थितीत प्रथम वजनकाट्यावर चढवावा.

ट्रेलर पुरेसा असला, तरी ओढणारी मोटार समर्थ हवी. तिच्या निर्मात्याने ठरविलेली ओढण्याची मर्यादा ट्रेलरच्या पट्टीवरील आकड्याहून कमी असेल, तर त्या कमी आकड्याच्या आतच राहिले पाहिजे.

तिसरी गोष्ट परवान्याची. १ जानेवारी १९९७ पासून मोटारीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना जड ट्रेलरसाठी निराळी परीक्षा द्यावी लागे. १६ डिसेंबर २०२१ रोजी ही अट उठली आणि साध्या मोटारपरवान्यावर ३,५०० किलोंपर्यंतचा ट्रेलर ओढण्याची मुभा मिळाली. परीक्षा गेली, भाराची मर्यादा मात्र गेली नाही.

शिवाय ७५० किलोंहून अधिक कमाल वजनाच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेच लागतात. भार फार मागे पडला, तर धावता ट्रेलर सापासारखा वळवळू लागतो आणि मोटारीलाही आपल्यासोबत फरफटत नेतो. त्या वेळी दंडाची रक्कम क्षुल्लक ठरते. कारण समोरून येणाऱ्या निरपराध माणसाचे प्राण त्या पट्टीवरील आकड्याशी बांधलेले असतात.