माळावरचा मनोरा, छपरावरचा अँटेना

एम्ली मूर हा उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशरमधला उघडाबोडका माळ. समुद्रसपाटीपासून सुमारे २६० मीटर उंच, झाडं थोडी आणि वारा फार. या माळावर काँक्रीटचा एक मनोरा उभा आहे. त्याची आजची उंची ३१९ मीटर. लंडनची प्रसिद्ध ‘शार्ड’ ही काचेची इमारत ३१० मीटरची. म्हणजे ताणतारांच्या आधाराशिवाय उभ्या असलेल्या ब्रिटनमधल्या बांधकामांत सर्वांत उंच असण्याचा मान याच मनोऱ्याचा. पण इथे ना फिरतं हॉटेल, ना पर्यटकांसाठी सज्जा. आतल्या लिफ्टला माथ्याजवळच्या खोलीपर्यंत पोचायला सात मिनिटं लागतात आणि तो प्रवास देखभाल करणारी माणसंच करतात.

मनोऱ्याचं मुख्य काम टीव्ही पोचवणं. लीड्स, ब्रॅडफर्ड, वेकफील्ड, शेफील्ड आणि त्यांच्या आसपासची गावं यांतल्या दहा लाखांहून अधिक घरांना त्याचा आधार आहे. डिश नको, केबल नको, इंटरनेट नको. ब्रिटनमध्ये टीव्ही पाहण्यासाठी वार्षिक लायसन्स फी भरावी लागते, ती भरली की दरमहा वर्गणी नाही. छपरावर अँटेना लावायचा आणि ‘फ्रीव्ह्यू’ या नावाने २००२पासून चालणारी सेवा पाहायची.

या जागेवरून १९५६मध्ये पहिल्यांदा प्रक्षेपण झालं, ते १३५ मीटरच्या लोखंडी मनोऱ्यावरून. साठीच्या दशकात रंगीत टीव्हीची तयारी सुरू झाली. त्यासाठी निवडलेल्या यूएचएफ लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की पलीकडे सावली पडते. म्हणून उंची हवी होती. मग ताणतारांनी सावरलेला ३८५ मीटरचा पोलादी नळकांडी खांब उभा राहिला. १९ मार्च १९६९ला संध्याकाळी पाचच्या सुमारास तो कोसळला. खांबावर आणि तारांवर बर्फ साचला होता, तोही सगळीकडे सारखा नव्हता. त्यात वाऱ्याने खांबाला मंद, पण लयबद्ध झोके दिले. तुटलेल्या तारा रस्त्यावर आणि शेतांत आदळल्या, जवळच्या एका चॅपेलचं छप्पर फाटलं. कुणाला इजा मात्र झाली नाही. असेच खांब विंटर हिल आणि बेलमाँट इथेही होते. त्यांचे झोके कमी करण्यासाठी आत जड साखळ्या टांगण्यात आल्या.

काही दिवसांत तात्पुरत्या खांबावरून प्रक्षेपण पुन्हा सुरू झालं. पण कायमस्वरूपी उत्तर म्हणून ‘अरुप’ या कंपनीच्या अभियंत्यांनी पोलादाऐवजी काँक्रीट निवडलं. तळाशी सुमारे २४ मीटर व्यासाचा आणि वर निमुळता होत सहा-साडेसहा मीटरवर येणारा नवा मनोरा १९७१मध्ये कामाला लागला. पूर्वी त्याची उंची ३३० मीटर होती; अलीकडे माथ्यावरचे अँटेना बदलले, तेव्हा ती कमी झाली.

सप्टेंबर २०११मध्ये एम्ली मूरवरचं अॅनालॉग प्रक्षेपण बंद झालं. अॅनालॉगसाठी ८७० किलोवॉटची प्रक्षेपण शक्ती लागत असे, डिजिटलला १७४ पुरते. आणि जिथे ८ मेगाहर्ट्झच्या एका पट्ट्यात एकच वाहिनी मावायची, तिथे आता अनेक वाहिन्यांचा एक गठ्ठा जातो. अशा गठ्ठ्याला तिथे मल्टिप्लेक्स म्हणतात आणि एम्ली मूरवरून असे सहा मुख्य गठ्ठे निघतात.

हा गठ्ठा पाठवायची युक्ती अशी: माहिती एकाच लहरीवर न लादता ६,८१७ बारीक वाहक लहरींवर वाटून द्यायची. प्रत्येक लहरीवर माहिती अगदी सावकाश जाते, एक चिन्ह सुमारे ९०० मायक्रोसेकंद टिकतं. दोन चिन्हांमध्ये २८ मायक्रोसेकंदांची राखीव फट असते. घुमणाऱ्या सभामंडपात जाणता कीर्तनकार शब्दांत थोडी उसंत ठेवतो, म्हणजे आधीच्या शब्दाचा प्रतिध्वनी पुढच्यावर चढत नाही. ही फट तेच काम करते. टेकडीवर किंवा उंच इमारतीवर आपटून उशिरा आलेली लहर तिच्यात विरून जाते. अॅनालॉगच्या काळात याच लहरीमुळे पडद्यावर माणसाच्या शेजारी त्याची फिकट दुसरी आकृती दिसायची.

आपल्याकडे दूरदर्शनच्या दिवसांत एक जण गच्चीवर अँटेना फिरवायचा, दुसरा खालून ‘आलं, आलं… गेलं!’ ओरडायचा. चित्र बिघडलं, तरी मुंग्यांमधून बॅट्समन ओळखू यायचा. डिजिटलमध्ये मुंग्या नाहीत. चुका दुरुस्त करणारं गणित सिग्नलबरोबरच येतं आणि ठरावीक मर्यादेपर्यंत ते चित्र निर्दोष ठेवतं. मर्यादा ओलांडली की आधी चौकोनी तुकडे, मग आवाज तुटणं, मग कोरा पडदा. म्हणून अँटेना बसवणारा तिथला कारागीर नुसतं चित्र पाहून समाधान मानत नाही. मीटर लावून सिग्नल त्या मर्यादेपासून किती दूर आहे, ते तो मोजतो.

अँटेना अजून तोच आहे, जपानी शास्त्रज्ञ यागी आणि उदा यांनी १९२०च्या दशकात मांडलेल्या रचनेचा: आडव्या दांड्यावर ओळीने बसवलेल्या सळ्या. मोठ्या केंद्रांसाठी त्या सळ्या बहुधा आडव्या ठेवतात, छोट्या पूरक केंद्रांसाठी उभ्या. शेफील्ड टेकड्यांवर वसलं आहे. तिथल्या काही वस्त्यांना एम्ली मूर दिसतच नाही, म्हणून शहरातच क्रॉसपूल इथे पूरक केंद्र आहे. एकाच गल्लीत काही छपरांवर आडव्या सळ्या आणि काहींवर उभ्या दिसल्या की, कोण कुठल्या केंद्राकडे तोंड करून आहे ते कळतं. बऱ्याच छोट्या केंद्रांवरून मात्र सहाऐवजी तीनच गठ्ठे निघतात. सार्वजनिक सेवेच्या वाहिन्या सगळीकडे पोचवण्याची सक्ती आहे, व्यापारी गठ्ठ्यांना ती नाही. दरीत राहणाऱ्याला कमी वाहिन्या मिळतात, त्यामागे भूगोलाइतकाच हिशेबही आहे.

दोन प्रदेशांच्या सीमेवरच्या घरांची अडचण वेगळी. तिथे दोन केंद्रांचा सिग्नल येतो. टीव्ही आपोआप वाहिन्या शोधताना शेजारच्या प्रदेशाच्या बातम्या १ क्रमांकावर बसवतो आणि आपल्या प्रदेशाच्या थेट ८००च्या पुढे ढकलतो. आणखी एक विचित्र गोष्ट म्हणजे चित्र बिघडतं ते वादळातच असं नाही. उन्हाळ्यातल्या स्वच्छ, स्थिर हवेत, वायुदाब वाढलेला असताना, हवेच्या थरांतून लहरी वाकत खूप दूरवर जातात. मग त्याच पट्ट्यावरचं लांबचं केंद्र, कधी समुद्रापलीकडचंही, स्थानिक सिग्नलवर चढतं. अशा वेळी वाहिन्या नव्याने शोधू नका, हवा बदलण्याची वाट पाहा, हाच सल्ला दिला जातो.

एका मनोऱ्यावर किती अवलंबून असतं, ते १० ऑगस्ट २०२१ला कळलं. नॉर्थ यॉर्कशरमधल्या बिल्सडेल केंद्राच्या ३१४ मीटर उंच खांबाला आग लागली आणि लाखो घरांचा टीव्ही बंद पडला. संरक्षित माळरानावर जड सामान नेण्याच्या परवानग्यांत आठवडे गेले. ८० मीटरचा तात्पुरता खांब ऑक्टोबरमध्ये सुरू झाला, जळका खांब सुरुंग लावून पाडला गेला. उंची चौथाईवर आल्याने दऱ्याखोऱ्यांतली अनेक घरं त्यानंतरही सावलीतच राहिली. सेवा डिजिटल झाली तरी डोंगर जागचा हलत नाही.

आपल्याकडे ही वाट वेगळी गेली. मुंबई दूरदर्शन १९७२मध्ये सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपण केंद्रामुळे पुण्यात दिसू लागलं. २०१६मध्ये दूरदर्शनने मुंबई आणि औरंगाबादसह १६ शहरांत डिजिटल भूप्रक्षेपणही, म्हणजे मनोऱ्यावरून अँटेनाला पोचणारं प्रक्षेपण, सुरू केलं. पण तोवर प्रेक्षक केबलकडे आणि डिशकडे गेला होता. ते प्रक्षेपण पकडणारे टीव्ही घराघरांत नव्हते. फुकट टीव्हीची जागा ‘फ्री डिश’ने, म्हणजे उपग्रहाने घेतली. मनोरा बांधून भागत नाही, त्याच्याकडे तोंड केलेली छपरं लागतात. ब्रिटनने अॅनालॉग बंद करण्याआधी नेमकी ती तयार केली होती.

तिथेही आता प्रश्न विचारला जातोय, तो इंटरनेटमुळे. भूप्रक्षेपण किमान २०३४पर्यंत चालू ठेवायचं, असं ठरलेलं आहे. पुढचं ठरायचं आहे. प्रेक्षक स्ट्रीमिंगकडे वळत असताना मनोऱ्यांचा खर्च तेवढाच राहतो, हा एक युक्तिवाद. दुसऱ्या बाजूला म्हातारी, एकटी, तुटपुंज्या उत्पन्नातली माणसं आहेत. त्यांच्या घरी ब्रॉडबँड नाही किंवा त्याचं बिल झेपत नाही. शिवाय मनोऱ्याची वाट एकेरी आहे. एक घर पाहो की दहा लाख, खर्चात फरक नाही. कोण काय पाहतं याची नोंद तो ठेवत नाही, पासवर्ड विचारत नाही. इंटरनेटवरच्या टीव्हीत हे तिन्ही उलटं आहे.

२००२मध्ये एम्ली मूरच्या मनोऱ्याला वारसा वास्तूचा दर्जा मिळाला. २०३४नंतर काहीही ठरलं, तरी त्याच्या काँक्रीटला धक्का लावायला खास परवानगी लागेल. त्यावरून निघणाऱ्या सिग्नलला असलं संरक्षण नाही. तो चालू ठेवायचा की नाही, हे दर वेळी नव्याने ठरवावं लागेल.