आधी पकड, मग डाव

कामगारांना अपघाताची भरपाई देणाऱ्या १९२३ च्या कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले होते. एका डोळ्याची दृष्टी गेली तर कमाईची शक्ती ३० टक्के गेली, डोळाच गेला तर ४० टक्के, आणि नजर लागते असे कोणतेच काम करता येऊ नये इतकी दृष्टी गेली तर १०० टक्के, असा त्यात हिशेब होता. पिंपरी, भोसरी, चाकण या पट्ट्यात संघटनेचे काम करताना आम्ही या आकड्यांसाठी पुष्कळ भांडलो. भरपाई पदरात पडली की काम फत्ते, असे मानीत आलो. एकदा अशाच एका कामगाराच्या घरी गेलो. तो म्हणाला, “भाऊ, पैसे मिळाले. आता दिवसभर करू काय, तेवढे सांगा.” आम्हापाशी उत्तर नव्हते.

ते शोधताना कपिल परमार या ज्युदोपटूची हकीकत आमच्या वाचनात आली. हा मध्य प्रदेशातील सिहोरकडचा खेडेगावचा तरुण. लहानपणी शेतात खेळताना पाण्याच्या पंपाला हात लागला, विजेचा जबर धक्का बसला आणि पुढे दृष्टी अधू होत गेली. पोटासाठी त्याने भावाबरोबर चहाची टपरी चालविली. २०२३ साली हांगझोऊ येथील आशियाई पॅरा स्पर्धांत त्याने रौप्यपदक मिळविले. ५ सप्टेंबर २०२४ रोजी पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये ६० किलो गटात उपांत्य लढत तो हरला, परंतु ब्राँझपदकाच्या लढतीत ब्राझीलच्या मल्लाला त्याने मिनिटाच्या आत १०-० असे हरविले. ऑलिंपिक व पॅरालिम्पिक मिळून ज्युदोत भारताला मिळालेले हे पहिलेच पदक.

न दिसणारा माणूस ज्युदो खेळतो तरी कसा? डोळस खेळाडू एकमेकांपासून दूर उभे राहतात आणि प्रतिस्पर्ध्याचा अंगरखा पकडण्यासाठी झटापट करतात. तेवढे काम डोळ्यांचे. अंधांच्या ज्युदोत पंच दोघांना समोरासमोर आणतो, दोघेही एकमेकांच्या अंगरख्याची पकड घेतात, आणि मगच लढत सुरू होते. पकड सुटून दोघे दूर झाले, तर पंच लढत थांबवून पुन्हा पकड घ्यावयास लावतो. मुख्य फरक एवढाच. जोराने फेकून पाठ गादीला लावली, वीस सेकंद दाबून धरले किंवा समोरच्याने हार मानली, की जिंकला. हे दोन्हीकडे सारखेच. समोरच्याचा तोल कोठे गेला, पाय कोठे पडला, हे हातांना कळते. १९८८ च्या सोलपासून हा खेळ पॅरालिम्पिकमध्ये आहे. स्त्रियांसाठी २००४ पासून.

हे दूरचे वाटत असेल, तर आपल्या घरचेच उदाहरण घ्या. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झाले. उपचारासाठी ते पोहू लागले आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथे ५० मीटर ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी भारताला पॅरालिम्पिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पुण्याच्या टेल्कोत त्यांनी नोकरीही केली. जानेवारी २०२५ मध्ये अर्जुन पुरस्कारांच्या यादीत कपिल परमार होते आणि जीवनगौरवासाठी पेटकरही होते.

परिशिष्टातील टक्के खोटे नाहीत. परंतु काम आहे तसेच राहणार, असे धरून ते मोजलेले असतात. ज्युदोवाल्यांनी नियम थोडा बदलला आणि अंध मल्ल पुरा मल्ल ठरला. कारखान्यातही असा बदल का होऊ नये? सरकारी आस्थापनात नोकरीत असताना अपंग झालेल्यास काढता येत नाही. त्याच पगारावर दुसरे काम द्यावे लागते, असे २०१६ चा कायदा सांगतो. खाजगी कारखान्यांत ते कलम करारानेच आणावे लागेल. पुढच्या मागणीपत्रात भरपाईच्या खाली आम्ही तीच ओळ घालणार आहोत. त्या कामगाराला आम्ही तसे सांगून आलो आहोत.