हीट गन व कागदावरील उठावकाम

विजेने तापविलेल्या हवेचा झोत सोडणारे, हातात धरून वापरावयाचे उपकरण म्हणजे हीट गन होय. जुना रंग सैल करून खरवडणे, प्लॅस्टिकच्या नळ्या वाकविणे, आकुंचन पावणारी वेष्टने बसविणे इ. कामांसाठी हे उपकरण कारखान्यांत व कार्यशाळांत वापरतात. त्याचाच एक लहान व सौम्य प्रकार कागदकामात उपयोगी पडतो. शाईने उमटविलेल्या आकृतीवर रेझिनाची भुकटी टाकून ती या झोताने वितळविली, म्हणजे थंड झाल्यावर कागदावर चकचकीत व बोटाला जाणवणारी उठावाची आकृती तयार होते. शुभेच्छापत्रे, निमंत्रणपत्रिका, पाकिटे, पुस्तकखुणा वगैरे सुशोभित करण्यासाठी ही पद्धत वापरतात. भुकटी वितळेल इतकी उष्णता तिला मिळाली पाहिजे. परंतु कागद करपेल इतकी मिळता कामा नये, हे या कामाचे मुख्य सूत्र आहे. उपकरणाची निवड, ते धरण्याचे अंतर आणि फिरविण्याचा वेग या सर्व गोष्टी या दोन मर्यादांवरून ठरतात.

पूर्वपीठिका : कागदावर उठाव आणण्याच्या जुन्या पद्धती यांत्रिक आहेत. एकमेकांत बसणाऱ्या नर व मादी ठशांमध्ये कागद दाबला, म्हणजे त्याचा काही भाग वर उचलला जातो. ताम्रपटावर आकृती कोरून, कोरलेल्या खाचांत शाई भरून ती जोराच्या दाबाने कागदावर उतरविली, तर शाईचाच थर किंचित उंच राहतो. या पद्धतींनी होणारे काम सुबक असले, तरी ठसा कोरण्याचा खर्च मोठा असतो व तो थोड्या प्रतींसाठी परवडत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मुद्रणव्यवसायात यावर निराळा उपाय पुढे आला. साध्या छपाईच्या ओल्या शाईवर राळेसारख्या नैसर्गिक रेझिनांची भुकटी टाकून ती तापवीत. या पद्धतीस थर्मोग्राफी म्हणतात. पुढे नैसर्गिक रेझिनांच्या जागी पॉलिअमाइडासारखी संश्लिष्ट रेझिने आली. मुद्रणालयातील यंत्रात छापलेला कागद सरकत्या पट्ट्यावरून जातो. त्यावर भुकटी पसरली जाते, शाईला न चिकटलेली भुकटी हवेने शोषून घेतली जाते आणि मग कागद तापकाखालून जाऊन थंड होतो. मुंबईत गिरगावातील खाडिलकर रस्ता हा लग्नपत्रिकांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. अशा बाजारांतील पत्रिकांवर व भेटकार्डांवर हाताला लागणारी अक्षरे अनेकदा याच पद्धतीची असतात. हस्तकलेतील उठावकाम हे या प्रक्रियेचे घरगुती रूप असून त्यात तापकाचे काम हीट गन करते. ठशांच्या उठावात कागद स्वतः वाकतो व त्याची मागील बाजू खोलगट होते. येथे मात्र कागदावर एक नवा थर चढतो व मागील बाजू सपाट राहते. त्यावरून दोहोंतील फरक सहज ओळखता येतो.

रचना व कार्य : हीट गनमध्ये निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूच्या, म्हणजे निक्रोमच्या, तारेचे वेटोळे अभ्रकाच्या अथवा चिनी मातीच्या आधारावर गुंडाळलेले असते. मागील बाजूस लहान विद्युत् चलित्र व पंखा असतो. पंख्याने ओढलेली हवा तापलेल्या तारेवरून जाऊन पुढील धातूच्या नळीतून बाहेर पडते. उपकरण प्रमाणाबाहेर तापल्यास प्रवाह तोडणारा स्विच बहुतेक चांगल्या उपकरणांत बसविलेला असतो.

झोताचे तापमान केवळ उपकरणाच्या शक्तीवर, म्हणजे वॉटच्या आकड्यावर, ठरत नाही; ती शक्ती सेकंदाला किती हवेत वाटली जाते, यावर ते अवलंबून असते. १ लिटर हवेचे तापमान १° से.ने वाढविण्यास सु. १.२ जूल उष्णता लागते. ३०० वॉटच्या उपकरणातून सेकंदाला १ लिटर हवा जात असेल, तर उष्णतेचा इतरत्र होणारा व्यय सोडता तिचे तापमान सु. २५०° से.ने वाढेल. उलट केस वाळविण्याच्या १,२०० वॉटच्या उपकरणातून सेकंदाला २० लिटर हवा जात असेल, तर तापमानातील वाढ केवळ ५०° से. होईल. म्हणजे चौपट वीज वापरूनही त्याची हवा भुकटी वितळविण्याइतकी तापत नाही. शिवाय तिच्या जोराने भुकटी उडून जाते. घरात असलेले केस वाळविण्याचे उपकरण या कामी का चालत नाही, याचे कारण हेच होय.

उठावकामाच्या बहुतेक भुकट्या सु. १००° ते १५०° से.च्या दरम्यान मऊ होऊन वितळतात. कागद १५०° से.च्या पुढे अधिक काळ राहिल्यास हळूहळू पिवळा पडू लागतो व सु. २३०° से.च्या आसपास पेट घेऊ शकतो. उपकरणातून निघणारी हवा याहून अधिक उष्ण असू शकते. म्हणून कागद वाचतो तो झोत थंड असल्यामुळे नव्हे, तर तो एका जागी अल्पकाळच राहत असल्यामुळे.

निवड : कागदकामासाठी कमी हवा परंतु पुरेसे तापमान देणारे उपकरण निवडावे. हस्तकलेसाठी मिळणारी उपकरणे सर्वसाधारणपणे ३०० ते ३५० वॉटची असतात. त्यांचा झोत अरुंद व मंद असल्याने बारीक आकृतीवर काम करता येते. रंग काढण्याची १,००० ते २,००० वॉटची हीट गन ६००° से.पर्यंतही तापू शकते व तिचा झोत जोराचा असतो. तापमान व हवेचा वेग स्वतंत्रपणे कमी करण्याची सोय असेल, तरच ती दुरून वापरावी. उपकरण हलके असावे, मूठ तापू नये, दोरी पुरेशी लांब असावी आणि तापलेले तोंड वर राहील अशा रीतीने ते टेबलावर उभे ठेवता यावे.

विद्युत् पुरवठ्याचा विचारही आवश्यक आहे. भारतातील घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा आहे. ३०० वॉटचे उपकरण त्यावर सु. १.३ अँपिअर प्रवाह घेते, त्यामुळे ६ अँपिअरच्या साध्या प्लगवर ते चालते. १,५०० वॉटच्या उपकरणास सु. ६.५ अँपिअर प्रवाह लागत असल्याने त्यास १६ अँपिअरचा प्लगच हवा. अमेरिकेतून आणलेले १२० व्होल्टचे उपकरण येथे सरळ जोडू नये. व्होल्टता जवळजवळ दुप्पट झाल्याने तारेत निर्माण होणारी उष्णता सु. ३.७ पट होते व तार क्षणात जळून जाते. केवळ प्लगचा आकार बदलणाऱ्या जोडणीने हा धोका टळत नाही.

साहित्य : रबरी शिक्क्याने आकृती उमटविण्यासाठी सावकाश वाळणारी शाई लागते. अशा शाईत ग्लिसरीन वा ग्लायकॉल असते व ती काही मिनिटे चिकट राहते. लवकर वाळणाऱ्या शाईवर भुकटी टिकत नाही. भुकटी पारदर्शक असल्यास खालच्या शाईचा रंग दिसतो. अपारदर्शक वा धातुवर्णी भुकटी असल्यास तो झाकला जातो. बारीक रेषा व अक्षरे यांसाठी अतिसूक्ष्म कणांची आणि भरीव आकृत्यांसाठी मोठ्या कणांची भुकटी वापरतात. मोठ्या कणांनी बारीक रेषा बुजून जातात.

गुळगुळीत पण फार चकचकीत नसलेला जाड कागद या कामास उत्तम. पातळ कागद लवकर सुरकुततो, तर पारभासक कागद उष्णतेने लाटांसारखा वाकतो. पुण्यात १९४० मध्ये स्थापन झालेल्या हातकागद संस्थेत होणाऱ्या सुती चिंध्यांच्या कागदासारखे हातकागद मजबूत असतात. मात्र खडबडीत पृष्ठभागावर रेषा तुटक उमटते व सैल तंतूंत भुकटी अडकते. म्हणून अशा कागदांपैकी घोटून गुळगुळीत केलेले कागद निवडावेत.

कृती : प्रथम कागदावर शंखजिऱ्याच्या भुकटीची पुरचुंडी हलकेच फिरवावी. त्यामुळे पृष्ठभागावरील ओलसरपणा व स्थिर विद्युत् यांचा परिणाम कमी होतो आणि भुकटी नको तेथे चिकटत नाही. नंतर शिक्का उमटवून शाई ओली असतानाच त्यावर भरपूर भुकटी टाकावी. कागद तिरपा करून जादा भुकटी दुसऱ्या कागदावर झटकावी व पुन्हा बाटलीत भरावी. इकडेतिकडे राहिलेले कण कोरड्या बारीक कुंचल्याने काढावेत. वितळल्यानंतर ते निघत नाहीत.

यानंतर हीट गन कागदापासून दूर धरून १० ते १५ सेकंद तापू द्यावी. थंड झोताने सुरुवात केल्यास भुकटी उडते आणि कागद विनाकारण अधिक वेळ तापतो. कागद चिमट्याने धरून, लहान उपकरण सु. ३ ते ५ सेंमी. अंतरावर आणावे व आकृतीच्या एका टोकापासून सुरुवात करावी. दाणेदार, निस्तेज भुकटी एकाएकी एकजीव होऊन चकाकू लागली, की तेथील काम संपले असे समजून झोत पुढे सरकवावा. घड्याळापेक्षा हा बदलच अधिक विश्वसनीय असतो. कारण कागदाची जाडी, भुकटीचा प्रकार व खोलीतील हवा यांनुसार लागणारा वेळ बदलतो. जाड कागदास मागील बाजूने थोडी उष्णता दिल्यास तो कमी वाकतो. शेवटी थर पूर्ण थंड होईपर्यंत त्यास हात लावू नये.

दोष व त्यांची कारणे : झोत एका जागी अधिक वेळ राहिल्यास वितळलेले रेझीन कागदात मुरते, उठाव नाहीसा होतो व तेलकट डाग दिसतो. हा नवशिक्यांच्या हातून होणारा नेहमीचा दोष होय. थर चकाकत नाही असे वाटून ते पुन्हा पुन्हा तापवितात आणि काम आणखी बिघडते. उष्णता कमी पडल्यास पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत राहतो व बोटाने कण सुटतात. पावसाळ्यात, विशेषतः कोकणासारख्या दमट हवेच्या भागात, कागद आर्द्रता शोषून घेतो. तापविताना तिची वाफ होऊन थरात सूक्ष्म छिद्रे पडतात व कागद वाकतो. म्हणून भुकटी टाकण्यापूर्वी कोरा कागद दुरूनच थोडा तापवून घ्यावा व थंड झाल्यावर वापरावा.

इतर उपयोग : जलरंगाचे व शाईचे थर लवकर वाळविण्यासाठी हीट गन दुरून वापरतात. ताणून तयार केलेले पॉलिस्टायरीनचे पत्रे तापविल्यास लांबी-रुंदीत निम्म्याहूनही कमी होतात व त्या प्रमाणात जाड बनतात. त्यांच्यापासून लहान पदके व किल्ल्यांची लटकणी करतात. दृष्टिहीनांसाठी स्पर्शाने वाचावयाच्या आकृत्या तयार करण्याची पद्धत मात्र याहून वेगळी आहे. तीत सूक्ष्म कुप्या असलेल्या विशेष कागदावर काळ्या शाईने आकृती काढून तो अवरक्त किरणांखालून नेतात. काळा भाग अधिक उष्णता शोषून फुगतो. हीट गनचा झोत काळ्या-पांढऱ्या भागांत असा भेद करीत नाही.

सुरक्षितता : उपकरण बंद केल्यावरही त्याचे तोंड काही मिनिटे अतिशय तापलेले असते. ते लाकडावर, कागदावर वा कापडावर आडवे ठेवू नये. काम करताना खाली उष्णतारोधक पाट किंवा फरशी असावी. पदर, ओढणी व मोकळे केस आवरून घ्यावेत. मागील हवेच्या जाळीवर हात ठेवल्यास हवा अडून तार प्रमाणाबाहेर तापते. मद्यार्कयुक्त शाई, वार्निश, पातळ करण्याची द्रावणे यांच्या जवळ हीट गन चालवू नये. पीव्हीसीचे पत्रे तापवू नयेत. फार तापल्यास त्यांतून हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू निघतो. खोलीत हवा खेळती असावी व मुलांनी हे काम मोठ्यांच्या देखरेखीखालीच करावे. वितळलेले रेझीन त्वचेवर पडल्यास ते ओढून काढू नये. भाजलेला भाग त्वरित वाहत्या थंड पाण्याखाली सु. २० मिनिटे धरावा आणि नंतर आवश्यकतेनुसार वैद्यकीय उपचार घ्यावेत.

मर्यादा : उठावाचा थर उष्णतेने तयार झालेला असल्यामुळे उष्णतेनेच तो पुन्हा मऊ होतो. अशी अक्षरे असलेला कागद लेसर मुद्रकात घातल्यास त्याच्या तापलेल्या रुळाला रेझीन चिकटून यंत्र बिघडते. पावत्यांचा औष्णिक कागद झोताखाली काळा पडतो. जुनी हस्तलिखिते, दस्तऐवज व छायाचित्रे यांवर हीट गन कधीही वापरू नये. उष्णतेने कागदातील सेल्युलोजाचा ऱ्हास लवकर होतो. किंबहुना कागदाचा टिकाऊपणा अजमावण्याच्या चाचण्यांत तो १०५° से. तापमानाच्या कोरड्या हवेत ठेवून कृत्रिम रीतीने जुना करतात. अशा दुर्मिळ कागदावरील चिकटलेली पट्टी काढण्याचे किंवा ओल वाळविण्याचे काम असले, तरी ते संरक्षणतज्ज्ञाकडेच सोपवावे. नव्या कागदावरही अंतिम काम करण्यापूर्वी त्याच कागदाच्या तुकड्यावर, तीच शाई व भुकटी घेऊन चाचणी करणे इष्ट असते. कारण भुकटी वितळणे व कागद करपणे यांमधील अंतर प्रत्येक कागदाच्या बाबतीत वेगळे असते.