मद्यपी चालकाने धडक दिली तर?

गेल्या वर्षी हुबळीजवळ दारू प्यायलेल्या चालकाने माझ्या मामाला उडवले. मामाचा पाय मोडला, तीन महिने काम बुडाले. "पोलीस केस झाली आहे, भरपाई मिळेलच," असे आजी म्हणायची. पण तसे नसते.

फौजदारी खटला चालकाला शिक्षा देण्यासाठी असतो. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल, तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ प्रमाणे गुन्हा होतो. भरपाईसाठी मात्र कलम १६६ प्रमाणे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे वेगळा अर्ज करावा लागतो. कायद्यात त्यासाठी सहा महिन्यांची मुदत आहे. जखमी माणूस राहतो तिथेही हा अर्ज चालतो, म्हणून मामाने तो साताऱ्यात केला. उपचारांचा खर्च, बुडालेली कमाई आणि अपंगत्व यांचा त्यात हिशेब होतो.

चालक प्यायलेला होता म्हणून विमा कंपनी हात वर करते. तरीही अनेक निकालांत न्यायालयांनी कंपनीला आधी जखमीला पैसे देऊन मग ते गाडीमालकाकडून वसूल करायला सांगितले आहे. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर गंभीर दुखापतीसाठी सरकारी योजनेतून ५०,००० रुपये मिळतात.

मित्रांनो, आपल्यापैकी अनेकांचे वडील घरापासून दूर नोकरीवर असतात. अशा वेळी घरच्यांना एवढे नक्की सांगा: एफआयआरची प्रत आणि प्रत्येक बिल जपून ठेवा. मामाची निम्मी बिले आईला औषधांच्या पिशव्यांतून शोधावी लागली.