पन्नास पैशांचं प्रेमपत्र

पगार जमा होतो, ईएमआय कापला जातो आणि नेमका त्याच आठवड्यात 'तिचा' किंवा 'त्याचा' वाढदिवस येतो! टेन्शन नको. वरळी-परळच्या या पट्ट्याला कमी पैशांत प्रेम करायची जुनी सवय आहे.

बॉस, आधी एक साधा हिशेब मांडू या. ऑफिसच्या खुर्चीवरून न उठता मोबाइलवर चार वेळा बोट फिरवलं की थोड्याच वेळात गुलाबांचा गुच्छ, चॉकलेटचा डबा आणि रेडिमेड मजकुराचं कार्ड तिच्या रिसेप्शनला हजर! सोय झकास आहे, नाही कोण म्हणतंय? पण त्यात तुम्ही स्वतः नक्की काय दिलंत? ओटीपी. गुच्छ घेणारीलाही ते कळतं, फक्त ती बोलत नाही.

घरी बनवलेल्या गिफ्टची परीक्षा एकच. तेच गिफ्ट जसंच्या तसं दुसऱ्या कुणाला देता येईल का? 'हो' असं उत्तर आलं तर ते कितीही कागद कापून, कितीही गोंद लावून केलेलं असो, फेल. काचेच्या बरणीत 'तू मला आवडतेस याची शंभर कारणं' भरायची टूम आठवते ना? साधारण विसाव्या चिठ्ठीनंतर कारणांचा स्टॉक संपतो आणि 'तुझी स्माइल'च वेगवेगळ्या रंगांच्या पेनांनी लिहिली जाते. त्यापेक्षा पाचच चिठ्ठ्या लिहा, पण तिच्याच असतील अशा.

ही कला आपल्या एरियाला नवी नाही. आज लोअर परळ आणि वरळीत जिथे काचेची ऑफिसं आणि टॉवर उभे आहेत, तिथल्या कितीतरी जागी एकेकाळी गिरण्यांचे भोंगे वाजायचे. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यांतले पुष्कळ जण कोकणातून, घाटावरून आलेले. बायको-मुलं गावाला, स्वतः इथे गावकऱ्यांच्या खोलीत, जेवण खानावळीत. या माणसांचं लव्हलेटर कुठलं असेल? मनिऑर्डरचा फॉर्म! त्याच्या तळाशी निरोप लिहायला दोन-चार ओळींची जागा असायची. पैसे हातात पडले की तो तुकडा घेणाऱ्याकडे राहायचा. वाचता येत नसेल तर पोस्टमनच वाचून दाखवायचा, तोही सासूसमोर. आता सासूसमोर पोस्टमनच्या तोंडून काय रोमान्स करणार? मग 'तब्येतीस जपणे', 'गणपतीला येतो', 'पावसाआधी कौलं शाकारून घे' एवढ्यातच सगळं भागवायचं. ज्याला वाचायचं त्याला कळायचं. टपाल खात्याने २०१५मध्ये ती जुनी मनिऑर्डर बंद केली, पण तेवढ्याशा जागेत मनातलं बसवायची आयडिया तर कुणी बंद केलेली नाही ना?

पोस्टकार्ड अजून आहे की! भारतात ते १ जुलै १८७९ला आलं, तेव्हा पाव आण्याला मिळायचं. आज पन्नास पैसे. पाच रुपयांत दहा येतात, म्हणजे बिघडवायलाही भरपूर. एकच नियम : 'आय लव्ह यू', 'यू कम्प्लीट मी' वगैरे सिनेमाछाप मजकूर नको. या महिन्यात तुम्ही पाहिलेली, तिला किंवा त्याला माहीतही नसलेली एक गोष्ट लिहा. 'मंगळवारी फोनवर आईशी बोलताना तू हसलीस, मी जिन्यात थांबून ऐकलं.' बस्स, एवढंच! व्हॉट्सॲपवर हे वाक्य दुपारपर्यंत वर सरकून जाईल. पोस्टकार्ड कपाटातल्या साड्यांखाली वीस वर्षं राहील. फक्त लक्षात ठेवा, पोस्टकार्ड वॉचमनपासून आत्यापर्यंत सगळे वाचतात. घरी अजून सांगितलं नसेल तर अडीच रुपयांचं आंतर्देशीय पत्र घ्या आणि नीट चिकटवा. वरळीहून दादरलाही पत्राला काही दिवस लागू शकतात, तेव्हा आठवडाभर आधी पेटीत टाका. आणि पिनकोड बरोबर हवा : बीडीडी चाळींकडे ४०००१८, सी फेसला ४०००३०.

बीडीडीचा विषय निघालाच आहे तर सांगते. वरळीच्या या १२१ चाळी १९२०च्या दशकात उभ्या राहिल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची. त्यात आई-वडील, भावंडं, गावाहून आलेला कुणीतरी आणि नवं जोडपं! प्रायव्हसी हा शब्दच नव्हता. मग लग्न झालं की धाकटा दीर न सांगता वळकटी उचलायचा आणि पॅसेजमध्ये नाहीतर गच्चीवर झोपायला जायचा. त्याबद्दल कुणी एक शब्द बोलायचं नाही. माझ्या मते गिरणगावातलं सगळ्यात रोमँटिक गिफ्ट हेच, आणि ते तिसऱ्याच माणसाने दिलेलं! १४ ऑगस्ट २०२५ला वरळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतींतल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. बाकी मुंबईत मात्र जागेचा प्रश्न आहे तिथेच आहे. तेव्हा तुमच्या रूममेटचं नवीनच जुळलं असेल, तर रविवारी दुपारी सिनेमाला निघून जा. तिकिटाचे पैसे त्याच्याकडून घ्या हवं तर.

चाळीतली आणखी एक गोष्ट. पाणी पहाटे येत असेल तर रोज ते कोण भरतं? तुमच्या घरी जो कुणी रोज पाच वाजता उठतो, त्याला एकदा झोपू द्या. पिंप, हंडा, बादल्या तुम्ही भरा. आवाज न करता! खर्च शून्य. कॅण्डललाइट डिनरपेक्षा याचा इफेक्ट जास्त टिकतो.

आता हाताने करायच्या गोष्टी. मुलांनो, गजरा करायला शिका. हसू नका. सकाळी लवकर दादरला उतरून फुलबाजारात जा आणि मोगऱ्याच्या मिटलेल्या कळ्या सुट्या घ्या. मार्च ते जून मोगऱ्याचा सीझन, तेव्हा भाव खिशाला परवडतो. फेब्रुवारीत, तेही लग्नसराईत, तो चढलेला असतो. कळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, त्या संध्याकाळी उमलतात. दोन कळ्यांची तोंडं एका बाजूला, दोन कळ्यांची उलट बाजूला, देठांवर केळीच्या सोपटाचा किंवा जाड दोऱ्याचा वेढा, गाठ. पुन्हा चार कळ्या. पहिला गजरा सुटणार, दुसरा अळीसारखा वाकडा होणार, तिसरा जमतो. तिन्ही द्या. तिला तो केसात घालायला आवडत नसेल तर उशाशी ठेवेल, रात्रभर खोली घमघमेल.

मुलींसाठी (आणि शिवता येणाऱ्या मुलांसाठीही) माझी फेव्हरिट आयडिया म्हणजे ऑफिसची गोधडी. एसीमुळे कुडकुडणारा माणूस प्रत्येक ऑफिसात असतो. मांडीवर बसेल एवढी, साधारण अडीच फूट बाय तीन फूट, पुरे. आत मऊ झालेल्या सुती साडीच्या तीन-चार घड्या, वर-खाली जुने शर्ट किंवा ओढणी. आधी मोठे कच्चे टाके घालून थर पक्के धरायचे, मग कडेपासून आत आत चौकोनात धावदोरा. सुई-दोऱ्याचे पन्नासेक रुपये, वेळ मात्र दोन-तीन वीकएंडचा. एक वॉर्निंग : शर्ट कापण्याआधी तो त्याचा लकी इंटरव्ह्यू शर्ट नाही ना, याची खात्री करा! आणि आजीची साडी असेल तर आईला विचारल्याशिवाय कात्री लावायची नाही.

डब्यातली चिठ्ठी तर २०१३च्या 'द लंचबॉक्स'ने सगळ्यांना शिकवली. त्यात मराठी तडका हवा असेल तर उखाणा लिहा. लग्न व्हायलाच हवं असं थोडंच आहे? हा घ्या, रिकाम्या जागी नाव घाला : 'वरळीच्या कठड्यावर भरतीच्या लाटा, ....च्या डब्यात माझ्या पोळीचा वाटा.' यमक जरा ओढूनताणून आहे, पण उखाण्यात ते चालतं. पोळी मात्र स्वतः लाटलेली हवी, नकाशासारखी झाली तरी.

शिफ्टची ड्यूटी किंवा दुसऱ्या शहरातली नोकरी यामुळे भेटच होत नसेल तर? आकाशवाणीवरचं 'आपली आवड' आठवा. श्रोत्यांची नावं वाचायची, मग त्यांच्या फर्माइशीचं गाणं. मोबाइलवर अर्ध्या तासाचं तसंच रेकॉर्डिंग करा. निवेदक तुम्ही, गाणी तिच्या आवडीची, आणि प्रत्येक गाण्याआधी फर्माइश करणाऱ्यांची नावं : तिची आई, कॉलेजची मैत्रीण, कोपऱ्यावरचा चहावाला, गल्लीतली मांजर. नुसती प्लेलिस्ट कुणीही पाठवतो. रात्री दहाच्या ट्रेनमध्ये हेडफोन लावून हसणारी मुलगी दिसली, तर समजा कुणीतरी निवेदक झालंय.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलायला हवी. 'होममेड' हे कंजूसपणाचं टोपणनाव नाही. त्याच्या चष्म्याची काडी सहा महिने चिकटपट्टीवर तगली असेल आणि तुमच्याकडे पैसे असतील, तर कागदी हृदयं कापत बसू नका. चष्मा घ्या. आणि गिफ्टचा फोटो सोशल मीडियावर टाकायचा की नाही, हे घेणाऱ्याला ठरवू द्या.

शेवटी वरळी सी फेस. ऑफिस सुटलं की आर. के. लक्ष्मण यांच्या कॉमन मॅनच्या पुतळ्यापाशी भेटा. समोर ३० जून २००९ला सुरू झालेला सी लिंक. बाइकला तिथे एंट्री नाही, त्यामुळे बाइकवाल्यांनी तो इथूनच बघायचा, तोही फुकट. पावसाळ्यात जाणार असाल तर आधी भरतीची वेळ बघा. मोठ्या भरतीला कठड्यापासून लांबच उभं राहायचं. फोन दोघांचेही बॅगेत. भाजलेलं कणीस मिळालं तर एकच घ्या, लिंबू-तिखट तिला हवं तेवढं लावायला सांगा. आणि ती बॉसबद्दल बोलायला लागली तर मध्ये सल्ला देऊ नका.