मुरगावातली इंत्रुजाची रात्र

थरारकथेचा एक साचा ठरलेला आहे. सरकारचा गुप्तहेर असतो. त्याच्या आसपास खून पडतो आणि पुरावे असे पेरलेले असतात की संशय थेट त्याच्यावरच यावा. ज्या खात्यासाठी त्याने जीव धोक्यात घातला, तेच खातं 'हा माणूस आमचा नव्हेच' म्हणत हात झटकतं. मग गडी पळतो, लपतो, दोन-चार मारामाऱ्या करतो आणि शेवटच्या प्रकरणात खऱ्या गुन्हेगाराची मानगूट धरून आपल्यावरचा आळ धुऊन काढतो. जॉन बकनच्या 'द थर्टी-नाइन स्टेप्स' या १९१५ च्या कादंबरीत हेराचा खून दुसऱ्याच एका सरळमार्गी माणसाच्या घरात होतो आणि पोलीस त्या बिचाऱ्याच्या मागे लागतात. हिचकॉकने १९३५ मध्ये त्यावर चित्रपट काढला आणि तेव्हापासून पाश्चात्त्य सिनेमाने हा मसाला हातचा सोडलेला नाही. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकर आणि गुरुनाथ नाईक यांची पुस्तकं वाचनालयांतून पानं सुटेपर्यंत फिरली, ती याच ओढीने.

या साच्यातली जवळजवळ सगळी सामग्री वेंगुर्ल्याच्या बंदरापासून समुद्राने जेमतेम पन्नासएक किलोमीटरवर, गोव्यातल्या मुरगावात, खरोखर एकत्र आली होती. साल १९४३. हेर होते, अपहरण होतं, माणसं मेली, हात झटकणारं सरकार होतं आणि आळसुद्धा होता. आळ धुऊन निघण्याचं प्रकरण तेवढं घडलं नाही.

गोव्यावर नजर ठेवायची तर वेंगुर्ल्यात बसावं, ही अक्कल इंग्रजांच्या तीनशे वर्षं आधी डचांना सुचली होती. विजापूरच्या आदिलशहाच्या परवानगीने त्यांनी १६३७ मध्ये इथे वखार घातली. मिरी आणि कापड ही कारणं होतीच, पण खरा डोळा पोर्तुगीजांवर होता. डच आरमार गोव्याच्या तोंडाशी नाकेबंदी करून बसे, तेव्हा त्याला दाणापाणी आणि बातम्या वेंगुर्ल्यातून मिळत. वखारीतून बटाव्हिया या डचांच्या मुख्य ठाण्याला जाणाऱ्या पत्रांत मालाच्या भावांबरोबर शेजारच्या मुलखातल्या घडामोडीही असत. शिवाजी महाराजांच्या हालचालींची खबर देणारी डच कागदपत्रं अभ्यासक आजही वापरतात, त्यांतली बरीचशी याच वखारीच्या पत्रव्यवहारातली. आज त्या वखारीच्या भिंती झाडाझुडपांत उभ्या आहेत. लोक तिथे छायाचित्रं काढतात आणि पुढे मासे खायला जातात. हे हेरगिरीचं ठाणं होतं, असा साधा फलक तिथे लावायला हरकत नव्हती.

आता मुरगाव. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा हिंदी महासागरात असलेल्या जर्मन व्यापारी जहाजांना जवळचं तटस्थ बंदर गाठणं भाग होतं. पोर्तुगाल तटस्थ, म्हणून गोवा तटस्थ. एरेनफेल्स, ड्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स ही ब्रेमेनच्या हांझा कंपनीची तीन जहाजं मुरगावात शिरली. पुढे इटली युद्धात पडल्यावर अन्फोरा हे इटालियन जहाज त्यांच्या सोबतीला आलं. यातलं एरेनफेल्स काही साधंसुधं नव्हतं. त्याच्याच जातीच्या गोल्डनफेल्स जहाजावर जर्मन नौदलाने तोफा चढवून 'अटलांटिस' नावाची शिकारी नौका केली होती आणि तिने दोस्तांच्या व्यापारी जहाजांना सळो की पळो करून सोडलं होतं. असं जहाज ब्रिटिश हिंदुस्थानच्या कुशीत नांगर टाकून बसलेलं म्हटल्यावर इंग्रजांची झोप उडणारच.

खलाशी मात्र कंटाळून गेले होते. घर हजारो मैलांवर, बाहेर पडावं तर ब्रिटिश आरमार टपलेलं, आणि बंदरात करायला काही नाही. अशी तीन वर्षं त्यांनी काढली.

१९४२ मध्ये ब्रिटिश गुप्तचरांची खात्री झाली की एरेनफेल्सवर एक चोरटा बिनतारी संच आहे. मुंबईहून कोणतं जहाज कधी सुटतं याची माहिती त्यावरून पाणबुड्यांना पोचते, असा त्यांचा तर्क होता. माहिती जमवणारा माणूस पणजीत राहणारा जर्मन रॉबर्ट कोख. त्याचं टोपणनाव 'ट्रॉम्पेटा', म्हणजे तुतारी. चोरून काम करणाऱ्याने घेण्यासारखं हे नाव नव्हे, पण ते असो. एसओई या ब्रिटिश गुप्त संघटनेचे लुईस प्यू आणि गॅव्हिन स्टुअर्ट हे दोघे पणजीला गेले आणि त्यांनी कोख आणि त्याची बायको ग्रेटा यांना मोटारीत घालून सरहद्दीपलीकडे ब्रिटिश मुलखात आणलं. तटस्थ देशाच्या भूमीवरून नवराबायकोला सरळ पळवून नेलं. त्या दोघांचं पुढे काय झालं, हे आजतागायत गूढ आहे. खटला नाही, कबर नाही, सुटकेचा कागद नाही.

कोख गेला तरी संदेश थांबेनात, असं इंग्रजांचं म्हणणं. मग जहाजच संपवायचं ठरलं. इथे अडचण कायद्याची होती. ब्रिटन आणि पोर्तुगाल यांचा मैत्रीचा तह १३७३ सालचा, आणि अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवर तळ मिळवण्यासाठी पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची मर्जी राखणं ब्रिटनला फार गरजेचं होतं. गणवेशातला एक जरी शिपाई मुरगावात सापडला असता तरी लंडनला तोंड दाखवायला जागा उरली नसती. पकडले गेले तर 'आमचे नव्हेत' असं सांगता येईल अशीच माणसं हवी होती.

ती सापडली कलकत्त्याच्या क्लबात. कलकत्ता लाइट हॉर्स ही हौशी स्वयंसेवकांची पलटण. त्यात ताग, चहा, हिशेबनिशी, दलाली असल्या धंद्यांतले गोरे साहेब. बहुतेकांनी चाळिशी गाठलेली किंवा ओलांडलेली, पोटं सुटलेली, आणि लढाई आपल्याला न विचारता चालली आहे याचं मनातून वाईट वाटणारी. कर्नल बिल ग्राइस हा त्यांचा म्होरक्या. कलकत्ता स्कॉटिश पलटणीतले चौघे धरून अठरा जण तयार झाले. पगार नाही, पदक नाही आणि मेल्यास कुटुंबाला काही सांगितलं जाणार नाही, या अटी ऐकूनही माणसं पुढे आली. याला शौर्य म्हणायचं की कंटाळ्यावरचा उतारा, हे मला ठरवता आलेलं नाही. दोन्ही असावं.

वाहनही तसंच. फीबी नावाचं बंदरातला गाळ वाहून नेणारं जुनाट बार्ज. ते कलकत्त्याहून लंकेला वळसा घालून रखडत कोचीनला आलं. मंडळी आगगाडीने कोचीनला गेली आणि तिथून सगळे उत्तरेला निघाले. आपल्या किनाऱ्यावर गाळ वाहणारं बार्ज दिसलं तर आजही मान वर करून कुणी बघत नाही, आणि इंग्रजांना हवं होतं तेही इतकंच.

९ मार्च १९४३, मंगळवार. दुसऱ्या दिवशी ॲश वेनस्डे, म्हणजे ख्रिस्ती उपासकाळाचा पहिला दिवस. म्हणून ही कार्निव्हलची, गोंयकारांच्या बोलीत इंत्रुजाची, शेवटची रात्र. गोव्यात त्या रात्री शुद्धीवर कोण असतो? तरीही दगाफटका नको म्हणून आणखी तजवीज झाली होती. जेम्स लेझर या लेखकाने या मोहिमेवर पुढे 'बोर्डिंग पार्टी' हे पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो की लाइट हॉर्सचा एक माणूस आधीच गोव्यात पोचला होता. बंदराजवळच्या वेश्यावस्तीत खलाशांना त्या रात्री सगळं फुकट मिळेल अशी सोय त्याने पैसे मोजून केली, आणि अधिकाऱ्यांसाठी वेगळी मेजवानी ठेवली. साम्राज्याच्या खजिन्यातून या बाबीचा खर्च कोणत्या शीर्षकाखाली टाकला गेला असेल, हे बघायला मजा येईल.

मध्यरात्र उलटल्यावर फीबी दिवे मालवून बंदरात शिरली आणि एरेनफेल्सला जाऊन भिडली. शिड्या लागल्या, माणसं वर चढली. जहाजावर राहिलेले थोडे खलाशी जागे झाले. स्टेनगनच्या फैरी झडल्या. कप्तान रोफर ठार झाला, आणखी चार जणांचा जीव गेला. बिनतारी संचाची खोली फोडून इंग्रजांनी संच निकामी केला. जहाज हाकून न्यावं असा एक बेत होता, पण खलाशांनी अशा प्रसंगाची तयारी करून ठेवली होती. त्यांनी तळाच्या झडपा उघडल्या, पाणी आत घुसलं, आगी लागल्या. हल्लेखोर फीबीवर परतले आणि 'लाँगशँक्स' हा ठरलेला सांकेतिक शब्द पाठवून अंधारात निघून गेले. त्यांच्यातलं कुणी मेलं नाही.

खरी चलाखी यानंतरची. ब्रिटिश गुप्तचरांनी उघड भाषेत, कुणालाही ऐकू जाईल असा संदेश हवेत सोडला: इंग्रज आता गोव्यावर चालून येत आहेत. तो ऐकून उरलेल्या तिन्ही जहाजांवरच्या खलाशांनी आपली जहाजं शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून स्वतःच बुडवली. म्हणजे एका हल्ल्यात चार जहाजं गेली, आणि त्यांतली तीन मालकांच्याच हातून. सकाळी मुरगावात जळकी, कलंडलेली जहाजं दिसली तेव्हा आळ कुणावर जाणार हे सांगायला नको. तीन जहाजं खलाशांनी बुडवली हे खरंच होतं, मग चौथंही त्यांनीच बुडवलं असणार. पोर्तुगीजांनी खलाशांना कैदेत घातलं. कलकत्त्याचे साहेब आपापल्या कचेऱ्यांत पुन्हा खुर्च्यांवर बसले. पाच माणसं मारली गेली होती आणि त्याबद्दल कोणत्याही इंग्रजाला कुणी एक प्रश्न विचारला नाही.

ही गोष्ट पस्तीस वर्षं दडलेली राहिली. लेझरचं पुस्तक १९७८ मध्ये आलं आणि १९८० मध्ये 'द सी वुल्व्ज'. ग्रेगरी पेक झाला प्यू, रॉजर मूर झाला स्टुअर्ट आणि डेव्हिड निव्हन झाला ग्राइस. चित्रीकरण गोव्यातच झालं. मूर तेव्हा जेम्स बाँड म्हणून जगभर गाजत होता, त्यामुळे त्याच्यासाठी एक सुंदर आणि धोकेबाज नाझी बाई कथेत घालणं निर्मात्यांना सुचलंच. कोखची बायको पडद्यावरून बाजूला पडली. चित्रपट बघायला मस्त आहे, पण त्यात मेलेल्या खलाशांना ना नाव आहे ना घर.

या मोहिमेनंतर हिंदी महासागरात जहाजं बुडणं एकदम कमी झालं, असं त्या पुस्तकापासून सगळीकडे सांगितलं जातं. मी ते मिठाच्या खड्यासोबत घेतो. जर्मनीच्या 'मॉन्सून' गटाच्या पाणबुड्या या भागात आल्या त्याच मुळी १९४३ च्या उत्तरार्धात, एरेनफेल्स बुडाल्यावर काही महिन्यांनी. त्याआधी जर्मन पाणबुड्यांचा जोर आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे होता, आणि अरबी समुद्रात जपानी पाणबुड्याही फिरत होत्या. मुरगावातल्या एका संचावर सगळं खापर फोडणं सोयीचं होतं. मालवणीत अशा गोष्टीला गजाल म्हणतात. ती खोटी असतेच असं नाही, पण सांगणाऱ्याला ती जरा जास्तच आवडलेली असते.

'आमचा नव्हे' हे वाक्य पुढे याच भूमीत आपल्याही एका माणसाच्या वाट्याला आलं, म्हणून त्याचंही सांगतो. सांगलीचा मनोहर आपटे मोहन रानडे हे नाव घेऊन गोव्यात सावई-वेरें गावी मराठीचा शिक्षक झाला. दिवसा शाळा आणि रात्री गोव्याच्या मुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलाचं काम, पोलीस चौक्यांवर हल्ले. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेती चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून तो सापडला. शिक्षा झाली सव्वीस वर्षांची आणि पुढे त्याला लिस्बनजवळच्या काशियश किल्ल्यात नेऊन ठेवलं. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. भारताच्या ताब्यात आलेले तीन हजारांवर पोर्तुगीज युद्धकैदी १९६२ मध्ये मायदेशी परत गेले. त्यांच्या बदल्यात रानडे मागून घ्यावेत हे दिल्लीत कुणाला सुचलं नाही, किंवा सुचूनही जमलं नाही. सुधीर फडके यांनी त्यांच्या सुटकेसाठी वर्षानुवर्षं खटपट केली. तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोपच्या कानावर गोष्ट घातली. रानडे सुटले ते जानेवारी १९६९ मध्ये, गोवा मुक्त झाल्यावर सात वर्षांनी. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१९ मध्ये पुण्यात ते गेले. त्यांच्यावर एखादा 'सी वुल्व्ज' निघालेला मला तरी ठाऊक नाही. मराठी निर्मात्यांनी विदेशी थरारपटांच्या नकला करण्याआधी सावई-वेरेंच्या त्या शाळेकडे एकदा बघावं.

एरेनफेल्सच्या रात्रीबद्दल इंग्रजांनी लिहिलं, जर्मनांनीही थोडंफार सांगितलं. मुरगावात तेव्हा गोदीवर काम करणारे, होड्या वल्हवणारे, बंदरात भाजीपाला पोचवणारे आपले लोक होते, त्यांची बाजू कुणी टिपून ठेवलेली नाही. त्या काळची पोर्तुगीज दप्तरं पणजीच्या पुराभिलेख खात्यात आहेत. पोर्तुगीज येणाऱ्या एखाद्या तरुण अभ्यासकाने १९४३ चे कागद तिथे उघडून बसावं. आणि वेंगुर्ले, शिरोडा, रेडी, आरोंदा या पट्ट्यातल्या ज्या घरांतून आजोबा किंवा पणजोबा मुरगावला कामाला होते, त्यांनी त्या रात्रीबद्दल घरात जे काही बोललं जायचं ते लिहून संपादकांकडे पाठवावं. दोन ओळी असल्या तरी चालतील.