हृदय आणि मूत्रपिंड: दोन धडे, एकच नळी

आजचा विषय फार्मसीच्या वर्गातला असला, तरी आपल्यापैकी ज्यांच्या घरात कुणाला बीपीची गोळी चालू आहे, त्या सगळ्यांचा तो विषय आहे.

बी.फार्म.ला हृदय पहिल्या सत्रात शिकवतात, मूत्रसंस्था दुसऱ्या सत्रात. हृदयाची आणि लघवीवाटे पाणी काढणारी औषधं येतात तिसऱ्या वर्षात, आणि वेदनाशामकं त्यानंतरच्या वेगळ्या धड्यात. म्हणजे विद्यार्थ्याच्या डोक्यात चार कप्पे तयार होतात. परीक्षेत प्रश्नही कप्प्याकप्प्यानेच येतात, त्यामुळे काही बिघडत नाही. पण मेडिकलच्या काउंटरवर येणारा माणूस हे चारही कप्पे एकदमच घेऊन येतो. तिथे बिघडतं.

म्हणून वर्गात पहिला प्रश्न असा विचारावा: हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त ढकलतं, त्यातलं मूत्रपिंडांना किती मिळतं? दोन्ही मिळून वजन जेमतेम ३०० ग्रॅम. मुलं म्हणतात, मिळत असेल थोडंसं. खरं उत्तर आहे, पाचवा हिस्सा किंवा त्याहून जरा जास्त. मिनिटाला एक लिटरच्या वर!

एवढं कशाला? स्वतःच्या पोषणासाठी नाही, गाळण्यासाठी. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि लघवी होते साधारण दीड लिटर. बाकी ९९ टक्के परत रक्तात घेतला जातो. आता हे गाळणं चालतं कशावर? दाबावर. आणि तो दाब कुणाकडून येतो? हृदयाकडून. बघा, दोन धडे इथेच जोडले गेले.

आता ही गाळणी कशी आहे ते बघू. आपल्याकडे डाळिंबाच्या नाहीतर द्राक्षाच्या बागेत ठिबकची नळी सगळ्यांनी पाहिलेली असते. सुरुवातीला कॉक, शेवटी बंद केलेलं टोक, आणि मधे ड्रिपर. ड्रिपरमधून थेंब पडायचे तर नळीत दाब हवा. पुढचा कॉक आवळला, तर दाब कमी. शेवटचं टोक मोकळं सोडलं, तर पाणी सरळ वाहून जातं, ड्रिपर कोरडे. आणि विहिरीतच पाणी नसेल, तर काय बोलायचं!

मूत्रपिंडातल्या प्रत्येक गाळणीला अशीच दोन टोकं आहेत: रक्त आत आणणारी बारीक धमनी आणि बाहेर नेणारी बारीक धमनी. मधे केशवाहिन्यांचा गुच्छ, तिथे गाळणं होतं. फरक एवढाच, की इथे बाहेर नेणारं टोक कधीच पूर्ण बंद नसतं, आणि दोन्ही टोकं गरजेप्रमाणे शरीर स्वतःच आवळतं आणि सैल करतं.

समजा उन्हाळा आहे, जुलाब झालेत, अंगातलं पाणी कमी झालंय. अशा वेळी प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ आत येणारी धमनी मोकळी ठेवतात. आणि अँजिओटेन्सिन-२ बाहेर जाणारी धमनी आवळून धरतं. दोघं मिळून दाब टिकवतात, गाळणं चालू राहतं.

आता औषधं आणा. रॅमिप्रिल, एनालाप्रिल ही औषधं अँजिओटेन्सिन-२ तयार होऊ देत नाहीत. टेल्मिसार्टन, लोसार्टन त्याचं काम होऊ देत नाहीत. परिणाम एकच, शेवटचं टोक सैल होतं. फ्युरोसेमाइड किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड ही लघवीची गोळी विहिरीतलं पाणी कमी करते. आणि गुडघे दुखतात म्हणून घेतलेलं डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाही, म्हणजे पुढचा कॉक आवळला जातो. तिन्ही एकदम झालं की ड्रिपर थांबला. गाळणं मंदावतं, क्रिएटिनिन चढतं, पोटॅशियमही वाढू शकतं, आणि पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचा ठोकाच बिघडतो. फिरून आपण हृदयापाशीच आलो.

यात इतिहासाची एक गंमतही आहे. ॲस्पिरिनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन बनणं थांबवतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये लंडनला दाखवलं. पुढे १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्याच व्हेन यांच्या प्रयोगशाळेत ब्राझीलचे सर्जिओ फेरेरा एका विषारी सापाच्या विषातला घटक घेऊन गेले होते. त्या धाग्यातून पुढे कॅप्टोप्रिल आलं, १९८१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. म्हणजे नळीच्या दोन्ही टोकांची गोष्ट एकाच प्रयोगशाळेतून जाते, आणि आपण मात्र ती दोन वेगळ्या धड्यांत शिकवतो.

इथे एक सावधानता. हे ऐकून कुणीही आपली बीपीची गोळी बंद करू नका. गाळणीवरचा जास्तीचा दाब कमी करून याच गोळ्या मधुमेही माणसाच्या मूत्रपिंडाचं रक्षण करतात. कमजोर हृदयाच्या रुग्णाचं आयुष्य वाढवतात. सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वाढणं अपेक्षितच असतं. किती चालेल ते डॉक्टर ठरवतात. तरुण, धडधाकट माणसाने डोकेदुखीला एखादी गोळी घेतली तर सहसा काही होत नाही. धोका आहे तो तिन्ही एकत्र येण्याचा, वाढत्या वयाचा आणि अंगातलं पाणी कमी होण्याचा.

विद्यार्थ्यांना आणखी एक आकडा द्यावा. गाळण्याचा वेग निम्मा झाला, की क्रिएटिनिन साधारण दुप्पट होतं. कुणाचं आधी ०.६ होतं, ते १.२ झालं. रिपोर्टवर १.२ बऱ्याचदा 'नॉर्मल' छापून येतं! म्हणून आजचा आकडा एकटा वाचायचा नाही, मागचा रिपोर्ट शेजारी ठेवायचा.

आता पुन्हा काउंटरवर येऊ. कुणी अंगदुखीची गोळी मागितली, तर विचारायचं: "काका, बीपीची गोळी चालू आहे का?" "हो, एकच आहे." या 'एकच'वर थांबायचं नाही. टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकाच गोळीत मिळतात. काकांच्या हिशेबात गोळी एक, आपल्या हिशेबात औषधं दोन. "पाकीट आहे का जवळ? दाखवा बरं." मग, "जुलाब, उलट्या? पाणी पिताय ना नीट?" एवढ्या तीन प्रश्नांत सगळी नळी तपासून होते. मग पॅरासिटामॉल योग्य मात्रेत चालेल का ते बघायचं, आणि दुखणं जुनं असेल तर डॉक्टरांकडे पाठवायचं. डायक्लोफिनॅक तर तसंही चिठ्ठीवर द्यायचं औषध आहे.

हे काम फार्मासिस्टचंच आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्याने औषध देण्याचा अधिकार त्याला दिला, आणि २०१५ च्या नियमांनी रुग्णाला समजावून सांगणं हे त्याच्या कामात लिहून ठेवलं. बीपीची गोळी एका डॉक्टरांनी दिलेली असते, गुडघ्याची दुसऱ्यांनी, आणि तिसरी शेजारच्याने सांगितलेली. तिन्ही एकत्र दिसण्याची शक्यता सगळ्यात जास्त कुठे असते? मेडिकलच्या काउंटरवर.

म्हणून औषधांच्या याद्या पाठ करून घेण्याआधी विद्यार्थ्याला कोऱ्या कागदावर ही नळी काढायला सांगा. दोन टोकं, मधे गाळणी, मागे हृदयाचा पंप. मग प्रत्येक औषध त्या चित्रावर कुठे बसतं ते त्यानेच दाखवायचं. घरी ऐकणाऱ्यांनीही आपल्या गोळ्यांची पाकिटं एकदा एकत्र काढून फार्मासिस्टला दाखवा. प्रश्न असतील तर आता घेऊ.